मधुमेह आणि मेंदूतल्या तंतुकणिका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मधुमेह म्हटलं की डोळे, मूत्रपिंडं, पाय, हृदय यांची चौकशी होते. मेंदूचा प्रश्न बहुतेकदा सगळं बोलून झाल्यावर, खुर्चीतून उठता उठता येतो : “हल्ली नावं आठवत नाहीत. शुगरमुळे असेल का हो?” असू शकतं. त्याचं एक कारण रक्तवाहिन्यांत आहे आणि ते बऱ्याच जणांच्या कानावर आलेलं असतं. दुसरं कारण चेतापेशीच्या आत, तिला ऊर्जा पुरवणाऱ्या कणांमध्ये आहे. इथली उत्तरं मुख्यतः त्या दुसऱ्या कारणाबद्दल आहेत.

तंतुकणिका म्हणजे शाळेतलं ते ‘पेशीचं ऊर्जाकेंद्र’च ना?

तेच. मायटोकॉन्ड्रिया हे त्यांचं दुसरं नाव. फक्त पाठ्यपुस्तकातली ती एकुलती एक लंबगोल गोळी डोक्यातून काढून टाका. जिवंत पेशीत तंतुकणिका लांब धाग्यांसारख्या पसरलेल्या असतात, एकमेकींना जोडल्या जातात आणि पुन्हा तुटतात. कार्ल बेंडा यांनी १८९८ साली ‘धागा’ आणि ‘कण’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून त्यांना नाव दिलं. आपली ‘तंतुकणिका’ त्याच अर्थाची. हे नाव लक्षात असू द्या, पुढे कामाला येणार आहे.

ग्लुकोजची पहिली फोड तंतुकणिकेच्या बाहेरच होते आणि त्यातून एटीपीचे जेमतेम दोन रेणू सुटतात. एटीपी म्हणजे पेशीतलं रोख चलन. खरी कमाई आत होते, एका ग्लुकोजमागे ३०च्या आसपास. आतल्या घड्या पडलेल्या पटलात प्रथिनांची एक साखळी बसलेली असते. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन या साखळीत हातोहात पुढे जातात आणि शेवटी ऑक्सिजनच्या हवाली होतात. या देवघेवीत प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात, धरणातल्या पाण्यासारखे तिथे साठतात आणि परत येताना एका प्रथिनाचं चाक खरोखरच फिरवतात. त्या फिरण्यावर एटीपी बनतं. पीटर मिचेल यांनी १९६१ साली प्रोटॉनच्या साठ्याची ही कल्पना मांडली तेव्हा ती फारशी कोणाला पटली नव्हती. १९७८ साली त्याच कल्पनेसाठी त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

तंतुकणिका तर सगळ्याच अवयवांत असतात. मग मेंदूचाच एवढा बाऊ का?

कारण मेंदूचा खर्च मोठा आणि शिल्लक शून्याच्या जवळ. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास, पण आपण स्वस्थ बसलेलो असतानाही शरीराच्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के हिस्सा तो खातो. यातला मोठा भाग विचार करण्यात जात नाही, तो आवराआवर करण्यात जातो. चेतापेशीने एक संदेश पाठवला की आत शिरलेलं सोडियम बाहेर काढायचं, बाहेर गेलेलं पोटॅशियम आत घ्यायचं, आणि हे क्षणाक्षणाला करायचं. स्नायू आणि यकृत ग्लायकोजेन साठवून ठेवतात. चेतापेशीकडे असा साठा जवळपास नसतो. शेजारच्या तारकापेशी थोडंफार बाळगून असतात आणि अडीनडीला लॅक्टेट पुरवतात, तेवढाच आधार.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो. चेतापेशीला एटीपीचं सोंग आणता येत नाही.

शिवाय बहुतेक चेतापेशी जन्मभर त्याच राहतात. त्वचेची पेशी बिघडली तर गळून पडते आणि नवी येते. इथे तशी सोय नाही.

रक्तात साखर जास्त म्हणजे इंधन जास्त. मग मेंदूची ऊर्जा वाढायला नको का?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण तो अगदी रास्त आहे आणि उत्तर अगदी उलटं आहे.

स्नायू आणि चरबीच्या पेशींत ग्लुकोज शिरायला इन्शुलिनची परवानगी लागते. मेंदूचं तसं नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या अडसरातून ग्लुकोजला आत घेणारं ग्लुट-१ आणि चेतापेशीच्या दारावरचं ग्लुट-३ ही वाहक प्रथिनं इन्शुलिनची वाट बघत नाहीत. ही सोय उपाशीपोटी जीव वाचवणारी आहे : शरीरात चणचण असली तरी मेंदूचा वाटा आधी निघतो. पण रक्तातली साखर महिनोन्‌महिने चढलेली राहिली की मेंदूतलीही वाढते, आणि हीच सोय अंगाशी येते. दार लावून घेण्याची मुभाच नाही.

आता साखळीपाशी चला. इंधन भरमसाट येतंय, इलेक्ट्रॉनांची रांग वाढतेय, पण चाक फिरतं ते एटीपीच्या मागणीनुसारच. पेशीला आत्ता एटीपी नको असेल तर प्रोटॉन पलीकडे तुंबून राहतात आणि साखळी पुढून अडते. मागून मात्र ढकलाढकली चालूच. अशा वेळी काही इलेक्ट्रॉन मधल्याच टप्प्यावर, विशेषतः साखळीच्या पहिल्या आणि तिसऱ्या संकुलापाशी, म्हणजे प्रथिनांच्या गटापाशी, निसटतात आणि भलत्या जागी ऑक्सिजनला चिकटतात. त्यातून सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचं चिडखोर, आसपासच्या रेणूंवर तुटून पडणारं रूप तयार होतं. ही गळती निरोगी पेशीतही थोडी असतेच आणि ती पुसून काढणारी विकरंही (एन्झाइम) असतात. गळती पुसण्याच्या वेगापलीकडे गेली की पटल, प्रथिनं आणि डीएनए यांना चटके बसू लागतात. मायकल ब्राउनली यांनी २००१ साली मधुमेहातल्या वेगवेगळ्या गुंतागुंतींचं मूळ या एकाच गळतीत आहे अशी मांडणी केली. ती प्रामुख्याने रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींवरच्या कामातून आली होती; चेतापेशींकडे ती पुढे नेली गेली.

वाईट गोष्ट अशी की तंतुकणिकेला स्वतःचा छोटासा डीएनए असतो, ३७ जनुकांचा, आणि तो या गळतीच्या अगदी उशाशी असतो. केंद्रकातल्या डीएनएला हिस्टोन प्रथिनांची गुंडाळी असते, याला तीही नाही. या ३७ पैकी १३ जनुकं साखळीचे आणि त्या चाकाचेच भाग बनवतात. त्यांत बिघाड झाला की सदोष भाग तयार होतात, सदोष भागांतून जास्त गळती होते आणि आणखी बिघाड होतो.

म्हणून पहिल्या टप्प्यात तंतुकणिका अतिश्रमाने धुमसतात, पण दीर्घकाळच्या मधुमेहात बऱ्याच ठिकाणी उलट त्यांचं काम थंडावलेलं दिसतं. साखर सभोवार, आणि एटीपीची टंचाई. चित्र पुरेसं विचित्र आहे.

मग मेंदूला इन्शुलिनची गरजच नाही, असं समजायचं का?

नाही. ग्लुकोज आत घेण्यासाठी गरज नाही, पण इतर कामांसाठी आहे. इन्शुलिनला ओळखणारी ग्राहक प्रथिनं मेंदूत असल्याचं १९७८ साली उंदरांच्या मेंदूत दाखवलं गेलं, तोवर मेंदू इन्शुलिनपासून अलिप्त आहे असाच समज होता. आठवणी घडवणाऱ्या हिपोकॅम्पसमध्ये आणि भूक सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमसमध्ये ती भरपूर आहेत. तिथे इन्शुलिन हा निरोप असतो : नव्या तंतुकणिका घडवा, जुन्यांची निगा राखा, पेशींमधले सांधे मजबूत करा. टाइप-२ मध्ये शरीराप्रमाणे मेंदूही या निरोपाला बधिर होऊ शकतो. टाइप-१ मध्ये निरोपच तुटपुंजा असतो. दोन्हीकडे तंतुकणिकांची देखभाल मागे पडते.

मधुमेहात तंतुकणिका प्रत्यक्ष दिसायला बदलतात का?

बदलतात, आणि इथे त्या नावाची आठवण करा. निरोगी चेतापेशीत ‘तंतू’ आणि ‘कण’ यांची सारखी अदलाबदल चालू असते. दोन तंतुकणिका जुळल्या की एकीचं बरं दुसरीला मिळतं, नुकसान वाटून घेतलं जातं. तुटल्या की खराब तुकडा बाजूला काढता येतो आणि पेशी तो गिळून पचवते. जोडण्याचं काम मायटोफ्युसिन आणि ओपा-१ करतात. तोडण्याचं काम डीआरपी-१ हे प्रथिन करतं. ते तंतुकणिकेभोवती कड्यासारखं आवळत जातं आणि ती मधोमध तुटते.

साखर चढलेली राहिली की डीआरपी-१ जास्त आक्रमक होतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना जास्त ग्लुकोज दिलं की लांबलचक जाळं तुटून ठिपक्यांचा सडा पडलेला दिसतो. तंतू गेले, कणिका उरल्या. त्यातच खराब तुकडे पचवण्याची यंत्रणा मंदावली की ते पेशीत पडून राहतात. भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखे, पण गळती मात्र करत.

यातलं बरंचसं ज्ञान उंदीर आणि पेशीसंवर्धनातून आलेलं आहे. उंदराला स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून त्याच्या स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मारतात आणि काही आठवड्यांनी मेंदू तपासतात. माणसाचा मधुमेह वीस-तीस वर्षं चालतो, सोबत रक्तदाब असतो, वय असतं, औषधं असतात. त्यामुळे उंदरातला निष्कर्ष जसाच्या तसा माणसाला लावणारी बातमी दिसली तर ती चिमूटभर शंकेनेच वाचावी.

पायाला मुंग्या येतात, तळवे बधिर झालेत. त्याचा या सगळ्याशी संबंध आहे?

आहे, आणि तो फार सुंदर रीतीने उलगडतो, म्हणून जरा सविस्तर.

पायाच्या अंगठ्याला झालेला स्पर्श कळवणारी चेतापेशी मणक्याशेजारी बसलेली असते आणि तिची तार थेट अंगठ्यापर्यंत जाते. उंच माणसात ही एकच पेशी मीटरभर लांब असते. तिच्या बऱ्याचशा तंतुकणिका इकडे मणक्यापाशी तयार होतात आणि लागतात तिकडे टोकाला. म्हणून त्यांना वाहून न्यावं लागतं. तारेच्या आत सूक्ष्मनलिकांचे रूळ असतात आणि कायनेसिन हे प्रथिन त्यावरून एक एक पाऊल टाकत तंतुकणिका ओढत नेतं. वेग सेकंदाला साधारण एक मायक्रोमीटर. वाटेत कुठेही न थांबता गेली तरी अंगठा गाठायला अकरा-बारा दिवस लागतील, आणि थांबे तर पुष्कळ असतात.

तंतुकणिकेला या वाहकाशी जोडणारा एक दुवा आहे, मिल्टन नावाचं प्रथिन. पेशीत ग्लुकोज वाढलं की एक विकर मिल्टनवर साखरेचाच एक छोटा रेणू चिकटवतं, आणि तंतुकणिका जागच्या जागी थांबते. २०१४ साली हे दाखवलं गेलं. एरवी ही व्यवस्था शहाणपणाची आहे : जिथे इंधन भरपूर, तिथे मुक्काम कर. पण वाटेवर सगळीकडेच साखर असेल तर? गाडी मधल्याच स्टेशनांवर थांबून राहणार, शेवटचं स्टेशन रिकामं.

बधिरपणा सहसा सर्वांत लांब तारांच्या टोकांपासून, म्हणजे पावलांपासून सुरू होतो आणि मोज्यासारखा वर चढतो, त्यामागे हे एक कारण असू शकतं. नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांचं नुकसान हे दुसरं. मुंग्या येणं हा वयाचा भाग म्हणून सोडून देऊ नका; पायांची तपासणी दरवर्षी व्हायला हवी.

साखर कमी झाली की मेंदूचं काय होतं?

तिथे प्रकार सरळ आहे : इंधनच नाही. ७० मिलीग्रॅमच्या खाली सावध व्हायचं, ५४च्या खाली मेंदूच्या कामावर परिणाम दिसू लागतात. घरचे लोक सांगतात ते दृश्य ठरलेलं असतं. शर्टाचं एकच बटण लावायचा प्रयत्न चालू आहे, बोट त्याच काजावर पुन्हा पुन्हा जातंय, कपाळावर घाम, आणि “काय होतंय?” विचारलं तर वैतागून “काही नाही.” हा हट्टीपणा नसतो, निर्णय घेणाऱ्या भागाचं चलन संपलेलं असतं.

शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, गरज पडली तर पुन्हा द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवा.

वारंवार साखर उतरत राहिली तर घाम, धडधड या इशाऱ्यांचीच धार बोथट होते, आणि पुढची घसरण न सांगता येते. २००९ साली टाइप-२ असलेल्या ज्येष्ठांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. साखर फार उतरल्यामुळे रुग्णालयात न्यावं लागलेल्यांत पुढे स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त आढळलं. यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हा वाद आहे. विसराळू माणूस जेवण किंवा डोस विसरतो म्हणूनही साखर उतरते.

म्हणजे जास्त वाईट आणि कमीही वाईट?

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. हो.

मधुमेह म्हणजे पुढे अल्झायमर ठरलेलाच? कुठेतरी ‘टाइप-३ मधुमेह’ असं वाचलं.

ठरलेला नाही. मधुमेह असलेल्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांच्या साधारण दीडपट आढळतो. रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या प्रकारात त्याहून जास्त. दीडपट म्हणजे बहुसंख्य मधुमेहींना तो होत नाही, हेही त्याच आकड्यात आहे.

‘टाइप-३’ हा शब्द २००५च्या सुमारास अल्झायमरच्या मेंदूतली इन्शुलिन-बधिरता दाखवण्यासाठी वापरला गेला. तो अधिकृत निदान नाही. माझं मत विचाराल तर शब्द चटपटीत आहे आणि त्याने घाबरवण्यापलीकडे फारसं साधलेलं नाही. धागा मात्र खरा आहे : मेंदूत इन्शुलिन मोडणारं विकर अमायलॉइड-बीटा हे अल्झायमरच्या मेंदूत साचणारं प्रथिनही मोडतं, आणि इन्शुलिनच जास्त झालं की त्याचे हात त्यातच गुंततात.

नाकातून इन्शुलिन दिलं तर मेंदूला फायदा होईल का, याची मोठी चाचणी झाली. २०२० साली निकाल आले आणि मुख्य निकषावर फायदा दिसला नाही.

माझ्या तंतुकणिका कशा आहेत, हे कळायला काही तपासणी?

रोजच्या उपचारात नाही. संशोधनात पेट स्कॅनने मेंदूचा ग्लुकोजचा वापर मोजतात, एमआरआयच्याच एका प्रकाराने फॉस्फरसयुक्त रेणू पाहतात. रक्ताच्या थेंबावर ‘मेंदूची ऊर्जा’ सांगणारी जाहिरात दिसली तर पुढे चला. एचबीए१सी मात्र करा. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यांच्यावर चढलेला साखरेचा थर दोन-तीन महिन्यांचा हिशोब सांगतो. त्यात एक खोट आहे : तो सरासरी सांगतो, चढउतार लपवतो. रोज ३०० आणि ५० च्या मध्ये हेलकावे खाणाऱ्याचा आकडाही ठीकठाक येऊ शकतो.

मेटफॉर्मिन तंतुकणिकांचं काम अडवतं म्हणे. बंद करू का?

नका करू. वाचलेलं अर्धं खरं आहे : मेटफॉर्मिन साखळीच्या पहिल्या संकुलाला हलकेच लगाम घालतं. हे औषध १९५७ पासून मधुमेहात वापरात आहे. मूत्रपिंडं फारच कमजोर असतील तर ते देत नाहीत, आणि ते ठरवणं डॉक्टरांचं काम.

मेंदूच्या दृष्टीने काळजीची बाब वेगळीच आहे. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि त्या कमतरतेनेही विसरायला होतं, पायाला मुंग्या येतात. म्हणजे लक्षणं मधुमेहाचीच वाटतात आणि उपाय असतो साधा. ही तपासणी मागून घ्या.

अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या, को-क्यू-१० वगैरे?

गळती आहे, मग बोळा घाला, हा तर्क कोणालाही पटावा असा आहे. प्रत्यक्षात मोठ्या चाचण्यांनी निराशाच केली. कारण थोडीशी गळती हा पेशीसाठी इशारा असतो. तो मिळाला की पेशी स्वतःची बचावयंत्रणा वाढवते. २००९ साली तरुण पुरुषांवर एक प्रयोग झाला. व्यायामाने त्यांची इन्शुलिन-संवेदनशीलता सुधारली, पण सोबत सी आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांत ती सुधारणा दिसली नाही. पैसे देऊन व्यायाम वाया घालवल्यासारखंच.

मग उपयोग कशाचा होतो?

चालण्याचा, आणि स्नायूंना ताण देणाऱ्या व्यायामाचा. स्नायू कामाला लागले की पीजीसी-१-अल्फा हे प्रथिन वाढतं आणि नव्या तंतुकणिका घडवण्याचे आदेश निघतात. हे स्नायूंत पक्कं दिसतं. मेंदूतही असंच घडल्याचं प्राण्यांमध्ये आढळलं आहे. काम करणारा स्नायू इन्शुलिनशिवायही ग्लुकोज ओढतो, हा वरचा फायदा. रक्तदाब आवाक्यात ठेवणं मेंदूसाठी साखरेइतकंच मोलाचं आहे. झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं असेल तर त्याचा उपचार करा : रात्रभर ऑक्सिजन कमी-जास्त होत राहणं तंतुकणिकांना मानवत नाही. तंबाखूबद्दल वेगळं सांगायला नको.

आईचं वय ७८ आहे. तिची शुगर अगदी काटेकोर ठेवली तर मेंदू वाचेल ना?

या वयात काटेकोरपणाचा हट्ट महागात पडू शकतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅकॉर्ड-माइंड चाचणीत साखर कडकपणे खाली आणलेल्या गटाच्या मेंदूचं आकारमान किंचित जास्त राहिलं, पण ४० महिन्यांनी स्मरण आणि विचारशक्तीच्या कसोट्यांवर फरक पडला नाही. मूळ अ‍ॅकॉर्ड चाचणीत तर कडक गटात मृत्यू जास्त झाल्याने तो उपचार लवकर थांबवावा लागला होता. म्हणून नाजूक तब्येतीच्या ज्येष्ठांसाठी एचबीए१सीचं लक्ष्य ८ टक्क्यांपर्यंत सैल ठेवतात. आईंच्या बाबतीत पहिला प्रश्न ‘किती खाली आणू?’ हा नको, ‘रात्री उतरत तर नाही ना?’ हा हवा.

झालेलं नुकसान भरून येतं का?

मेलेली चेतापेशी परत येत नाही. पण तंतुकणिका पेशीच्या आत सतत बदलल्या जातात, जुन्या मोडतात, नव्या येतात. हे चक्र काही आठवड्यांचं असतं. पेशी जिवंत आहे तोवर तिच्या आतली डागडुजी शक्य आहे, आणि म्हणूनच सुरुवातीच्या वर्षांतलं नियंत्रण जास्त फळतं.

तंतुकणिका आईकडून येतात. म्हणजे मधुमेहही आईकडूनच?

बहुतेकांच्या बाबतीत नाही. एक दुर्मीळ अपवाद आहे. तंतुकणिकेच्या डीएनएमध्ये ३२४३ क्रमांकाच्या जागी एक अक्षर बदललं की मधुमेह आणि बहिरेपणा एकत्र येतात, आणि ते आईकडून मुलांकडे जातं. वडिलांकडून जात नाही. हे १९९२ साली उलगडलं. अशा प्रकारचा मधुमेह एकूण मधुमेहींमध्ये एक टक्का किंवा त्याहूनही कमी असतो. आई, मामा, मावशी यांच्यात मधुमेह आणि तरुणपणीच ऐकू कमी येणं असं दोन्ही दिसत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. तिथे जनुकीय तपासणी करतात, आणि मेटफॉर्मिन शक्यतो टाळून दुसरं औषध निवडतात.